तिवरावरची भुरी

आंब्याच्या मोहोरावर पांढरी पूड धरते तिला भुरी म्हणतात, आणि भुरीतलं आमच्या आबांना जेवढं कळतं तेवढं पोलादपूर तालुक्यात दुसऱ्या कुणालाच कळत नाही. हे मत आबांचंच. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. तिथं पौष-माघात कुणाच्याही कलमाला मोहोर फुटला की आबा पाठीवर पंप अडकवून हजर व्हायचे. आपल्याला कुणी बोलावलंय का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. गंधकाचं पाणी मारायचं, मालकाला त्याच्या आळशीपणाबद्दल चार शब्द ऐकवायचे आणि चहा घेऊन घरी यायचं, असा त्यांचा हंगाम. झाडं त्यामुळे वाचायची की नाही ते झाडांनाच माहीत. पण आबांचा पंप दिसला की लोक अंगणातून आत सटकायचे, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते वाडीवर एकटेच राहिले. वाडीत आता घरं भरपूर आणि माणसं मोजकी. बाकीची मुंबईला असतात, गणपती-शिमग्याला येतात, घराला नवा रंग देतात आणि कुलूप लावून जातात. मागच्या पावसाळ्यात आबा गोठ्यामागच्या चिखलात घसरून पडले आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथंच पडून राहिले. हाका मारल्या, पण ऐकायला होतं कोण? शेवटी पलीकडच्या वाडीतला एक जण हरवलेली म्हैस शोधत आला, त्याला म्हशीऐवजी आबा सापडले. मला हे कळलं तेही त्या म्हशीवाल्याकडून. आबांनी फोनवर ‘पाय जरा दुखतोय’ एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून माझं एकच चाललं होतं, की आबांना आपल्याकडे आणायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही.

ते यायला तयार झाले, पण अटीवर. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही ही जुनी रीत. त्यांच्या वयाच्या बाकीच्यांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली होती. लेकीकडे महिनामहिना राहून, दोन वेळा जेवून, वर जावयाला नावं ठेवणारे बाप मी पाहिलेत. आबांनी मात्र ती घट्ट धरून ठेवली होती. दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकून ते आले ते स्वतःच्या तांदळाचं पोतं, नाचणी, आमसुलं आणि मिठाची पिशवी घेऊन. मीठसुद्धा. आल्या आल्या जाहीर केलं, की पोतं संपलं की मी निघालो. माझ्या सासूबाईंनी ते पोतं पाहिलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. सासूबाई काही बोलत नाहीत तेव्हा आमच्या घरात भांडी बोलतात. दोन दिवस ती जोरात बोलली. मग शेगडीवर रोज भाताची दोन पातेली चढू लागली, आमच्या लाल तांदळाचं एक आणि आबांच्या पांढऱ्या तांदळाचं एक. मी नोकरीवरून येऊन दोन्ही घासायची.

आमचं गाव महाडच्या खालच्या अंगाला, सावित्रीची जिथं खाडी होते तिथलं. वीर स्टेशनावरून रिक्षानं यायचं. गावाला एक लांबलचक मातीचा बांध आहे. त्याच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला आमची खारी जमीन. समुद्र इथून बराच लांब, तरी भरतीला तो आमच्यापर्यंत येतो. आबांना हे मुळातच मान्य नव्हतं. समुद्र अलिबागला असतो, महाडचा त्याच्याशी संबंध काय, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात वरून गोडं पाणी लोटतं, जमिनीतलं मीठ धुऊन निघतं, आणि तेवढ्या मुदतीत सासूबाईंचा राता उगवून, पिकून, कापून मोकळा होतो. राता म्हणजे ते लाल भात. थोडंफार खारं पाणी त्याला चालतं, दुसरं बियाणं तिथं जळून जातं. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ती जमीन एकटीनं कसली, त्यामुळे त्या भाताचा त्यांना भारी अभिमान. आबांनी पहिल्याच आठवड्यात ते तांदूळ हातावर घेऊन पाहिले आणि मला विचारलं, हे गुरांना घालता काय. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

व्याही आणि विहीण एकमेकांशी थेट बोलत नाहीत, ही आमच्याकडची आणखी एक सोय. सासूबाईंना आबांना काही सांगायचं असलं की त्या मला सांगत, ‘तुझ्या वडलांना सांग.’ आबा तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. ते मला सांगत, ‘तुझ्या सासूला सांग.’ मी मध्ये बसून भाजी निवडत असे. मी काही सांगत नसे, त्यांचं बोलणं तसंही पोचत होतं.

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवराच्या झाडांची दाट रांग आहे. भरतीचा मार आधी तिवर खातात, म्हणून बांध उभा राहतो, आणि बांध आहे म्हणून राता आहे. आबा रोज सकाळी तिकडे फिरायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी येऊन विचारलं, चिखलात एवढे खुंट कुणी ठोकलेत? ते खुंट नव्हते, तिवराची मुळं होती. खाली चिखलात श्वास कोंडतो म्हणून ती वर नाक काढून उभी राहतात. हेही आबांना पटलं नाही. मूळ खाली जातं, वर येत नाही, आणि ज्या गावात मुळं वर येतात त्या गावातल्या माणसांबद्दल न बोललेलं बरं, असा त्यांचा एकूण सूर होता.

माघातली गोष्ट. पाऊस जाऊन बरेच महिने झालेले, खाडीचं पाणी चांगलंच खारट झालेलं. एका सकाळी आबा लगबगीनं घरी आले, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, तुमच्या बांधावरच्या सगळ्या झाडांवर भुरी पडलीय, पानापानावर पांढरी पूड. चेहरा असा गंभीर, की गावात कुणी गेल्याची बातमी सांगतायत. मी चप्पल घालत होते; महाडच्या वाचनालयात माझी नोकरी, वेळेत पोचायला हवं होतं. मी घाईघाईत म्हटलं, आबा, ती भुरी नाही, ते मीठ आहे, झाडच बाहेर टाकतं ते. आबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मीठ लागलं की झाड मरतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. नको असलेल्या झाडाच्या बुंध्यात मीठ भरून त्यांनी स्वतः झाडं मारली होती. तेव्हा अंगावर मीठ घेऊन मजेत उभं राहणारं झाड ही त्यांच्या लेखी निव्वळ थाप होती, आणि अशा थापा वाचनालयात बसून पुस्तकं वाचणाऱ्या बाईनंच माराव्यात.

मी गेल्यावर त्यांनी पंप काढला. हो, पंपही बरोबर आणला होता. तांदळाच्या पोत्यामागे उभा होता. गंधकाचं पाणी करून त्यांनी सगळी सकाळ खाडीला फवारणी केली. गावातली अर्धी माणसं बांधावर बसून बघत होती, पण एकानंही तोंड उघडलं नाही. गावच्या सुनेचा बाप, पाहुणा माणूस, त्याची चूक तोंडावर कशी काढायची? उलट एकीनं त्यांना पाणी आणून दिलं आणि एकानं टाकी भरून द्यायला हात लावला. संध्याकाळी रिक्षावाल्यानं मला स्टेशनरोडवरच विचारलं, तुमचे वडील खाडीला औषध मारतात ते सरकारी आहे की खासगी.

सगळ्यात वाईट म्हणजे औषधाला गुण आला. फवारणीच्या पाण्यानं पानांवरचं मीठ धुऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिवर हिरवेगार चकचकीत दिसू लागले. आबांनी मला, माझ्या नवऱ्याला आणि गावातल्या दिसेल त्या माणसाला बांधावर नेऊन ती पानं दाखवली. चार कडक उन्हं पडली आणि पूड परत आली. रोग चिवट आहे म्हणून आबांनी परत पंप मारला. पूड परत गेली, परत आली. असं किती वेळा झालं असतं कोण जाणे, पण शेंड्याची काही पानं गंधकानं करपली आणि सासूबाईंचा धीर सुटला. तिवर गेला तर बांध जाईल आणि बांध गेला तर त्यांचा राता.

एका रविवारी सकाळी आबा पंप मारत होते, मी शेजारी उभी होते, तेव्हा त्या स्वतः बांधावर आल्या. पार टोकाच्या, औषध न लागलेल्या झाडाचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि आबांकडे पाठ करून म्हणाल्या, “तुझ्या वडलांना सांग, जीभ लावून बघा.”

आबांनी जीभ लावली. मग दुसऱ्या पानाला लावली. आजूबाजूला माणसं जमलेली. आबा सावकाश म्हणाले, “ही खारी भुरी हाय.”

एवढं म्हणून ते पंप घेऊन घरी निघून आले. लोक आपापल्या घरी जाऊन हसले, तोंडावर कुणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापर्यंत आबांना आमच्या गावात काहीतरी काम होतं, आणि आता ते संपलं होतं.

त्याच दुपारी सासूबाईंनी मोरसाची भाजी केली. मोरस ही बांधाच्या कडेला उगवणारी बारीक, रसरशीत पानांची खारट पालेभाजी. ती उकळून, पाणी फेकून मग फोडणीला टाकतात आणि वरून मीठ अजिबात घालत नाहीत. आबांनी सवयीनं आपल्या मिठाची पिशवी पुढे ओढली, घास घेतला आणि पिशवी परत मागे सारली. हे मीठ कुणाचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, भाजीचं तिचं तिचंच आहे, खाडीतून घेतलेलं. खाडीचं म्हणजे कुणाच्याच घरचं नाही, असा हिशेब करून आबांनी भाजी दोनदा घेतली. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

सगळं इथवर ठीक चाललं होतं. मग माझा नवरा बोलू लागला.

माझा नवरा महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेत तास संपल्याची घंटा होते, घरी होत नाही, त्यामुळे त्याला घरी शिकवायला जास्त आवडतं. सकाळच्या प्रकारानं सासऱ्यांना वाईट वाटलं असेल, तर त्यांना जरा शास्त्र सांगून बरं वाटेल, असं त्याच्या मनात आलं. हेतू चांगला होता. त्याचे हेतू नेहमीच चांगले असतात, त्रास त्याच्या बोलण्याचा होतो. तो म्हणाला, मामा, खाऱ्या जागेतल्या झाडांच्या नाना तऱ्हा असतात. तिवर बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, आणि जे आत शिरतं ते पानांवरच्या बारीक बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतो. पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ तेवढं पानावर राहतं. तुम्हाला दिसलं ते तेच. मोरस बाहेर काही टाकत नाही, ती पानात पाणी भरून घेते, म्हणजे आतलं मीठ पातळ होतं. राता तर खारटपणाची वेळच टाळतो, पावसातच आपलं उरकून घेतो.

आबा ऐकत होते, मान हलवत होते. इथं थांबला असता तर मी त्याला दुपारचा चहा न मागता दिला असता.

“आणि चिपी बघा,” तो पुढे म्हणाला. चिपी म्हणजे तिवरांच्या पुढे, अगदी पाण्यात उभी असणारी जाड गोल पानांची झाडं. “ती आत आलेलं मीठ जुन्या पानांत साठवत जाते. पान पिवळं झालं की गाळून टाकते. मीठ गेलं, नवी पानं सुखात. काय सोय आहे बघा, मामा. जुन्या पानानं सगळ्यांचं मीठ घ्यायचं आणि गळून जायचं.”

आबांनी ताटातला भात संपवला. “बरं,” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मला विचारलं, काय झालं?

दुसऱ्या दिवशी आबांनी तांदळाचं पोतं हलवून, आत हात घालून पाहिलं. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मी महाडच्या बाजारातून तसाच दिसणारा पांढरा तांदूळ आणला आणि ते फिरायला गेले असताना गुपचूप पोत्यात मिसळला. दुपारच्या पहिल्याच घासाला आबांनी ताट बाजूला सारलं आणि हा तांदूळ माझा नाही म्हणून सांगितलं. मग सगळं पोतं अंगणात ओतून ते माझा तांदूळ वेगळा करत बसले. दाण्यावरून दाणा ओळखत होते. सासूबाई ओसरीवर बसून हे पाहत होत्या, आणि मला म्हणाल्या, तुझी अक्कल कुठं गेली होती. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. आबांचा, नवऱ्याचा, सासूबाईंचा, सगळ्यांचाच.

त्यानंतर आबांनी एक नवीन उद्योग काढला. ओहोटी लागली की ते लुंगी वर खोचून चिपीच्या झाडांपर्यंत जायचे, एक पिवळं पान तोडायचे, एक हिरवं तोडायचे, आणि दोन्ही चावायचे. चावून थुंकायचे. मग दुसऱ्या झाडाकडे. गावात लोकांनी आता त्यांच्याबद्दल काळजीनं बोलायला सुरुवात केली होती. मी विचारलं तर सांगेनात. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला वह्या तपासण्यातून उठवलं आणि समोर बसवलं.

“मास्तर, तुमचं पुस्तक खोटं हाय. जुनं पान आन् नवं पान, दोन्ही सारखीच खारट.”

नवरा म्हणाला, मामा, पुस्तकात तसं छापलेलं आहे.

“पुस्तकानं चावून बघितलंय काय?” आबा म्हणाले. “जुनं पान कुणाचं मीठ घेऊन जात नाय. त्याची येळ झाली की पडतं, एवढंच. उगाच त्याच्या माथी काय मारू नका.”

आता खरं कोण, ते मला आजही सांगता येत नाही. आबांची जीभ उभा जन्म तंबाखूनं भाजून निघालेली, तिच्यावर भरवसा ठेवावा असं काही नाही. आणि नवऱ्याचं म्हणाल तर त्यानं कधी चिखलात पाय घातलेला नाही. पण इतके दिवस आबा मनात काय चघळत होते ते मला त्या संध्याकाळी कळलं. नवऱ्यालाही कळलं असावं, कारण तो आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विषयावर गप्प बसला. उशिरानं मला म्हणाला, मी त्या अर्थानं बोललो नव्हतो. मी म्हटलं, ते मला नको सांगूस.

शिमगा झाला आणि पोतं संपलं. आबांनी कपड्यांची पिशवी बांधली, पंप पुसून दाराशी ठेवला. पोलादपूरच्या एसटीला वेळेत पोचायचं म्हणून रिक्षाही सांगून आले. मी आठवडाभर त्यांच्याशी भांडत होते. पावसात पुन्हा पडलात तर काय, म्हटलं. पडलो तर उठेन, म्हणाले. नाही उठलात तर? त्यावर म्हणाले, मग म्हस हरवेल कुणाचीतरी. मी हात टेकले. नवऱ्यानं दोन वेळा माफी मागितली, त्याच्यावर ते रागावलेलेच नव्हते. राग असता तर समजूत काढता आली असती. लेकीच्या घरी बसून फुकट खायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

रिक्षा यायच्या आधी सासूबाई स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात रात्याचा लाल भात, वर आमटी. ताट त्यांनी आबांसमोर ठेवलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून बोलल्या.

“व्याही, तुम्हाला लेकीच्या घरचं चालत नाय ना?”

“नाय,” आबा म्हणाले.

“मग हितं लेकीचं काय हाय? घर माझं हाय. जमीन माझी, भात माझा. तुमची लेक हितली सून हाय, मालकीण नाय. माझ्या घरी जेवायला तुमची रीत आड येते काय?”

आबा विचारात पडले. त्यांनी रीत मनातल्या मनात उलटीपालटी करून पाहिली असावी. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं.

“खरं काय गो, बाय?”

या घराच्या मागच्या दोन खोल्या माझ्या पगारातून बांधल्या. मोरीच्या फरशीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकेका गोष्टीसाठी मी सासूबाईंशी वाद घातलाय, आणि दर वेळी वादाचा शेवट एकाच ठिकाणी व्हायचा: घर कुणाचं? त्या म्हणायच्या माझं, मी म्हणायची आपलं. लग्न झाल्यापासून यात ना त्या मागे हटल्या ना मी. त्या आता माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून काय निघायला हवं ते त्यांना माहीत होतं आणि ते मला किती जड जाईल हेही माहीत होतं. त्यांनी आबांना वाचवलं की डाव साधून मला पाणी पाजलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही एकाच दमात केलं. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती.

“हो आबा,” मी म्हटलं. “घर त्यांचंच आहे.”

आबांनी हात धुतले आणि ताट पुढे ओढलं. रिक्षा परत पाठवली. ते वाक्य मी आयुष्यात एकदाच बोलले. सासूबाई मात्र अजून आल्यागेल्याला सांगतात, की घर कुणाचं ते सुनेनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. आणि कुणाला खरं वाटलं नाही तर ओसरीवर बसलेल्या आबांकडे बोट दाखवतात, आणि आबा लगेच साक्ष देतात.